माउथगार्ड उकळून बसवला तरी तोंड उघडलं की पडतो? आधी हे बघा

खेळताना दातांना मार लागू नये म्हणून घालायचा बॉइल अँड बाइटवाला (गरम पाण्यात मऊ करून तोंडात बसवायचा) गार्ड आणायचा, पाणी उकळायचं, त्यात बुडवायचा, तोंडात घालून करकचून चावायचा, थंड पाण्यात टाकायचा आणि मग मोठ्या आशेनं घालून बघितला की तोंड उघडल्याबरोबर टपकन खाली. परत उकळायचा, परत चावायचा, परत तेच, फक्त या वेळी तो आधीपेक्षा पातळ आणि वेडावाकडा झालेला असतो. हा प्रश्न इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून ठेवू. मी दातांचा डॉक्टर नाही, क्लबात ज्युनियर पोरापोरींचे गार्ड बसवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय एवढंच, त्यामुळे बिघडलेले गार्ड भरपूर हाताळलेत, आणि त्यातले बहुतेक एकाच कारणानं गेलेले असतात, ते म्हणजे जोरात चावणं.

आरशासमोर उभं राहून वरचा ओठ उचलून बघा. दात मध्यभागी फुगीर असतो आणि हिरडीत शिरतो तिथं मानेपाशी जरासा आत गेलेला असतो. गार्डची बाहेरची भिंत मऊ असताना त्या आत गेलेल्या जागेत दाबली गेली आणि तिथंच गार झाली की ती तिथं अडकते, टाळूकडची भिंत आतून दातांना चिकटते, मधली हवा निघून जाते, झाली पकड. यात चावण्याचा वाटा जवळपास शून्य आहे. मऊ गार्डवर जोर लावून चावलं की तळाचा माल दोन्ही बाजूंना पळतो, भिंती बाहेर फाकतात आणि दातांपासून सुटतात, म्हणजे जितकं जोरात चावाल तितका लूज. वर तळ पातळ होतो तो वेगळाच, आणि हनुवटीवर फटका बसल्यावर वरचे खालचे दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जाडी हवी असते ती नेमकी तिथलीच.

बाजारातले बरेचसे गार्ड ईव्हीएचे असतात, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. हे प्लास्टिक 100 अंशाच्या बरंच खाली मऊ पडतं आणि गार होताना हळूहळू कडक होत जातं, त्यामुळे पाण्यातून काढल्यापासून हाताशी मोजके सेकंद असतात. (कल्पना जुनीच आहे, 1890च्या दशकात लंडनमधला वूल्फ क्राउझ नावाचा डेंटिस्ट बॉक्सरांच्या वरच्या पुढच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवायचा, आणि गटापर्चाही गरम केलं की मऊ होतं. रूट कॅनलमध्ये भरतात तेच ते.)

गरम करायच्या आधी एकदा कोरडाच घालून बघा

ही पायरी सगळेच गाळतात. गार्ड पाकिटातून काढला की तसाच वरच्या दातांवर ठेवा. मधली खाच, म्हणजे पुढे वरच्या कडेला जो व्ही आकाराचा कट असतो तो, ओठाच्या आतल्या मधल्या पडद्यासमोर आली पाहिजे, ओठ वर उचलला की तो पातळ पडदा दिसतो बघा. मग मागे किती जातो ते बघा. पुढच्या दातांपासून निदान पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत झाकलं गेलं पाहिजे, दुसरी दाढ झाकली तर आणखी चांगलं, पण त्याच्या मागे अक्कलदाढेकडे जायची काही गरज नाही. मागे टोचत असेल किंवा आत्ताच उमासे येत असतील तर गरम करायच्या आधीच कात्रीनं कापा, दोन्ही बाजूंनी सारखं, एका वेळी 2-3 मिलिमीटर, परत घालून बघा, परत कापा. एकदम कापलेलं परत जोडता येत नाही.

आणि साइज. मोठ्या माणसाचा गार्ड 9 वर्षांच्या मुलाला कापून कापून बसवता येत नाही, कारण लांबी कमी होते पण कमानीची रुंदी तीच राहते, भिंती दातांपासून लांबच उभ्या राहतात. कोरडा घातल्यावर बाजूच्या दाढा आणि भिंत यांच्यात मोठी फट दिसत असेल तर तो गार्ड उकळून काहीही होणार नाही, लहान साइज आणा. उलट दाढा चरातच बसत नसतील, भिंतीवर चढत असतील, तर मोठा आणा.

काढता येणारी कवळी, रिटेनर वगैरे असेल तर काढून ठेवा. हलणारा दात, नुकताच काढलेला दात, नवीन कॅप असेल तर आधी डेंटिस्टला विचारा, मऊ प्लास्टिक दातावर चिकटून ओढलं जातं तेव्हा चांगलाच जोर पडतो.

पाण्याची गडबड

पाकिटावरची सूचना आधी वाचा, हे सांगायला कंटाळा येतो पण खरंच वाचा, कारण सगळे गार्ड एका मालाचे नसतात. साध्या ईव्हीए गार्डला साधारण पाणी उकळून गॅस बंद करायचा, बुडबुडे बसू द्यायचे आणि मग गार्ड 30 ते 60 सेकंद बुडवायचा असं असतं, काहींना 90 सेकंद. जेलचा आतला थर आणि बाहेर कडक कवच असलेल्या दोन थरांच्या गार्डची वेळ वेगळी असते आणि त्यातले काही कापायचेही नसतात. आणि ते एकदम पातळ, भोकं भोकं असलेले गार्ड मिळतात त्यातले काही तर 60 अंशाच्या आसपासच मऊ होणाऱ्या प्लास्टिकचे असतात, ते तुम्ही खळखळत्या पाण्यात टाकले की स्वतःलाच चिकटून त्याचा गोळा होतो आणि विषय संपला.

इथं दोन चुका फार कॉमन आहेत. एक म्हणजे कपभर पाणी. गरम पाणी कपात ओतलं की कपच त्यातली बरीच उष्णता खातो, त्यात थंड गार्ड पडला की पाणी आणखी उतरतं, गार्ड वरून मऊ लागतो पण आतून कडक राहतो, तोंडात घातल्यावर दात वरच्या वर ठसा उमटवतात आणि भिंत हलतच नाही. पातेल्यात भरपूर पाणी घ्या. दुसरी म्हणजे गार्ड तरंगतो, आणि हे कुणी बघतच नाही. ईव्हीए पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे गार्डचा एक भाग पाण्याच्या वर राहतो आणि तोच कमी मऊ होतो. मग एक बाजू छान बसते आणि दुसरी लूज, आणि माणूस म्हणतो माझा जबडाच वाकडा आहे. झाऱ्यानं तो पूर्ण पाण्याखाली दाबून धरा, पण तळाला टेकवू नका, गॅस चालू असेल तर पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि गार्ड तिथं चिकटतो.

गार्ड मायक्रोवेव्हमध्ये टाकणे, हेअर ड्रायर मारणे, लायटरनं शेकवणे हे सगळे प्रकार लोकांनी करून बघितलेले आहेत. करू नका, एका जागी वितळतो आणि बाजूला थंडच राहतो.

तोंडातले ते वीस-तीस सेकंद

हे एकट्यानं करण्यापेक्षा शेजारी कुणी वेळ मोजायला असेल तर बरं पडतं, आणि आरसा हवाच. मुलांचा गार्ड असेल तर गरम पाण्याचं काम मोठ्यांनी करायचं, आणि तोंडात द्यायच्या आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा.

झाऱ्यानं उचला, पाणी झटका, एखाद सेकंद साध्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे वर साचलेलं उकळतं पाणी हिरडीला पोळणार नाही, त्याहून जास्त वेळ बुडवलात तर बाहेरचा थर तिथंच कडक व्हायला लागेल. लगेच तोंडात, खाच मध्यभागी, दोन्ही अंगठे दाढांच्या खालून लावून गार्ड सरळ वर ढकला, पुढच्या दातांपाशी थांबून चालत नाही, मागेही तितकाच वर गेला पाहिजे.

आता दात हलकेच टेकवा. टेकवा म्हणतोय, चावा नाही म्हणत. खालच्या दातांचा उथळ ठसा उमटला की पुरे, तो फक्त जबडा नीट विसावावा म्हणून असतो. तोंड त्याच स्थितीत ठेवून एकाच वेळी तीन कामं करायची आहेत. बोटांनी ओठांवरून आणि गालांवरून भिंत दातांवर आणि हिरडीवर दाबत जायचं, मधून सुरू करून मागे दाढांपर्यंत, दोन्हीकडे, आणि सुळ्यांच्या वरच्या भागाला जरा जास्त वेळ द्यायचा कारण तिथं कमान वळते आणि भिंत सगळ्यात आधी सुटते. जीभ टाळूला लावून आतली भिंत दातांकडे ढकलायची. आणि ओठ मिटून स्ट्रॉनं ओढतो तसं जोरात आत ओढत राहायचं, लाळ गिळायची, परत ओढायचं. बोटं बाहेरून, जीभ आतून, आणि हवा ओढून घेणं, हे तिन्ही झालं तर बहुतेक गार्ड पहिल्याच खेपेत बसतात.

पाकिटावर दिलेला वेळ झाला की लगेच काढू नका. अजून कोमट असतो, आणि एका बाजूनं खेचून काढताना नुकतीच बसलेली भिंत परत फाकते. मी आधीच गार पाण्याचा ग्लास भरून ठेवतो, गार्ड तोंडात असतानाच एक घोट घेऊन तोंडात धरायचा, थुंकायचा, परत एक घोट, मग दोन्ही बाजूंना बोटं लावून सरळ खाली ओढून काढायचा आणि एक-दोन मिनिटं थंड पाण्यात ठेवायचा.

नीट बसलाय की नाही कसं कळणार

तोंड मोठं उघडा, जीभ आणि दात न लावता गार्ड जागेवर राहिला पाहिजे. डोकं हलवा. तोंडानं जोरात श्वास घ्या, दोन-चार वाक्यं बोला, पाणी प्या. काढताना हलकासा पच् असा आवाज येऊन सुटला तर उत्तम. टाइट म्हणजे दुखणारा नव्हे हां, हिरडी पांढरी पडत असेल इतका दाब नको.

मग तो हातात घेऊन उजेडासमोर धरा, काळा किंवा गडद असेल तर चिमटीत धरून चाचपा. आतून प्रत्येक दाताचा साचा दिसायला हवा, आणि साच्याच्या वर हिरडीची लहरी रेषा उमटलेली दिसली तर समजा भिंत बरोबर जागी दाबली गेलीय. ती रेषाच नसेल आणि वरचा भाग गुळगुळीत असेल तर बोटांनी दाबायचं राहिलंय. तळाशी बघा, सुळ्यांच्या आणि दाढांच्या टोकांखाली एखादा ठिपका बाकीच्यापेक्षा फिका, जवळजवळ आरपार दिसत असेल तर तिथं तुम्ही चावलात, तो गार्ड तिथूनच फाटणार. पुढच्या दातांसमोर 3 मिलिमीटरच्या आसपास आणि दाढांमध्ये 2 मिलिमीटरच्या आसपास माल शिल्लक असावा असा डेंटिस्टांचा साधारण हिशोब असतो.

आता प्रॉब्लेमनुसार

सगळीकडून लूज: परत मोल्ड करायचा, पण आधी पाकिटावर किती वेळा चालतं ते बघा, काही गार्डना परत मोल्ड करणं चालतच नाही. परवानगी असेल तर पूर्ण वेळ पाण्याखाली ठेवा, अर्धवट गरम केलेल्या गार्डमध्ये जुने ठसे तसेच राहतात आणि दात थोडे इकडेतिकडे बसले की डबल ठसे पडतात. नीट मऊ झाला की जुने ठसे बरेचसे पुसट होतात. पण एकदा पातळ झालेला तळ कितीही उकळला तरी परत जाड होत नाही, त्यामुळे आरपार ठिपके असतील तर तो गार्ड टाकून द्या, पुन्हा उकळण्यात अर्थ नाही.

एकच बाजू लूज: बहुतेकदा तरंगण्याचा प्रकार, किंवा आरशात न बघता घातल्यामुळे गार्ड तिरका बसलेला. खाच आणि ओठाचा पडदा जुळतायत का बघा.

उमासे येतात: मागे लांब आहे किंवा टाळूकडची भिंत फार वर गेलीय. मागून कापा, आतली भिंत दातांच्या मागे हिरडीवर थोडीशी चढून थांबली तरी चालते, तिथं एक-दोन मिलिमीटर कमी केल्यानं पकड लगेच जात नाही. गार्ड लूज असला की जीभ सतत त्याला सावरत बसते, त्यानेही उमासे येतात, म्हणजे कधी कधी कापायची गरजच नसते, नीट बसवायची असते. काही जणांना फक्त सवय नसते, ते घरात वाचताना वगैरे थोडा वेळ घालून बसले की जातं.

एकाच जागी टोचतं किंवा हिरडी सोलवटते: बहुतेक वेळा ओठाच्या त्या मधल्या पडद्यापाशी, नाहीतर मागच्या कापलेल्या टोकाला. लाल झालेली जागा आरशात शोधा, गार्डवर तिथंच पेननं खूण करा, खाच थोडी खोल करा. कापलेली कड धारदार राहते, ती तेवढीच काही सेकंद गरम पाण्यात बुडवा आणि ओल्या बोटानं घासून गोल करा. पूर्ण गार्ड परत बुडवू नका, केलेलं फिटिंग जाईल. पेनची खूण तोंडात घालायच्या आधी धुवा, हे पण सांगायला लागतं.

जबडा दुखतो किंवा फक्त मागच्याच दाढा टेकतात: चावताना एका बाजूला जास्त दाबलं गेलंय. परत मोल्ड करताना दोन्हीकडच्या दाढा एकाच वेळी, हलकेच. एवढं करूनही दोन-तीन प्रॅक्टिसनंतर दुखत असेल किंवा जबडा उघडताना कटकट वाजत असेल तर गार्ड बाजूला ठेवून डेंटिस्टकडे जा.

बोलता येत नाही: स आणि श थोडे दिवस घसरणारच. आठवड्यानंतरही टीमला काही ओरडून सांगता येत नसेल तर आतली भिंत जाड किंवा उंच आहे, कापा.

आधी घट्ट होता, आता लूज झाला: हा बहुतेकदा चघळण्याचा परिणाम असतो. बेंचवर बसून गार्ड दाढेखाली फिरवत बसायची सवय कित्येकांना असते, त्यानं तळही फाटतो आणि भिंतीही फाकतात. नाहीतर तो उन्हात उभ्या गाडीत राहिला असेल किंवा कुणीतरी प्रेमानं गरम पाण्यानं धुतला असेल. मुलांच्या बाबतीत दुधाचे दात पडून नवे येत असतात, तिथं गार्डची चूक नसते, तोंडच बदललेलं असतं, त्यामुळे दर सीझनला फिटिंग तपासा, मध्ये एखादा दात पडला तर तेव्हाही.

घरी करूच नये असं

ब्रेसेस असतील तर साधा बॉइल अँड बाइट बसवू नका. मऊ प्लास्टिक ब्रॅकेट आणि तारेभोवती जाऊन गार झालं की गार्ड अडकतो, काढताना ब्रॅकेट निघून हातात येतं. शिवाय ब्रेसेसमुळे दात सरकत असतात आणि घट्ट बसलेला गार्ड त्यांना जुन्याच जागी धरून ठेवायला बघतो. ब्रेसेससाठी मोकळ्या चराचे वेगळे गार्ड मिळतात, पण कुठला ते तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टलाच विचारा. खालचा जबडा पुढे असेल तर गार्ड वरच्या दातांऐवजी खालच्या दातांवर बसवावा लागू शकतो, तेही त्यांनाच ठरवू द्या.

आणि काही जणांचे दात आखूड किंवा टोकापासून हिरडीपर्यंत सारख्याच रुंदीचे असतात, मानेपाशी तो आत गेलेला भाग नसतोच म्हणा ना, तिथं भिंतीला अडकायलाच जागा नाही. सगळं बरोबर करूनही गार्ड पडतोच पडतो. अशा वेळी तिसरा चौथा गार्ड विकत आणून उकळत बसण्यापेक्षा डेंटिस्टकडून कस्टम करून घेतलेला परवडतो. ते दातांचं माप किंवा स्कॅन घेतात, मॉडेल बनवतात आणि त्यावर गरम केलेली ईव्हीएची शीट व्हॅक्यूमनं किंवा दाबानं बसवतात, म्हणजे आपण ओठ मिटून जे ओढायचा प्रयत्न करतो तेच काम मशीन करतं, आणि जाडीही त्यांच्या हातात राहते. बॉक्सिंग, हॉकी, रग्बी नियमित खेळणाऱ्यानं तर सरळ हाच घ्यावा असं माझं मत.

गार्ड कसाही असला तरी तो प्रामुख्यानं दात, ओठ आणि जबड्यासाठी आहे. डोक्याला फटका बसून गरगरायला लागलं, उलटी झाली, काही आठवेना झालं तर गार्ड घातला होता म्हणून खेळत राहू नका, बाहेर बसा आणि डॉक्टरला दाखवा.

बाकी देखभाल फार नाही. खेळून झालं की थंड पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवायचा, पूर्ण वाळवायचा, भोकं असलेल्या कडक डबीत ठेवायचा, सॉक्सच्या शेजारी बॅगेत तसाच टाकायचा नाही. कुठंही चीर पडली किंवा तळाचा ठिपका आरपार झाला की नवीन घ्यायचा, आणि नवीन घेतलेला मॅचच्या आदल्या रात्री मोल्ड करायचा नाही, निदान दोन प्रॅक्टिस तरी हातात ठेवा, म्हणजे कुठं टोचतंय ते कळून कापायला वेळ मिळतो.